बाण मागाहून जागा बदलतो: सिग्नल सॉफ्टवेअर घेण्याआधी हे वाचा

धरमपेठेतल्या एका ऑफिसात माझ्या भाऊजींना शेअर बाजारात कधी घ्यायचं, कधी विकायचं ते चार्टवर बाणांनी दाखवणारं 'बाय-सेल सिग्नल'चं सॉफ्टवेअर विकलं गेलं. वर्षाचे पंचेचाळीस हजार, वर ऑप्शन्समध्ये (भाव वर जाईल की खाली, यावरच्या सौद्यांत) बुडाले ते वेगळेच. सगळा पैसा निवृत्तीचा. नागपुरात आणखी कोणाचं असं होऊ नये, म्हणून लिहितोय.

डेमो दाखवला संध्याकाळी, बाजार बंद झाल्यावर. बँक निफ्टीचा, म्हणजे बँकांच्या शेअर्सच्या निर्देशांकाचा, पाच मिनिटांचा चार्ट, प्रत्येक तळाला हिरवा बाण, प्रत्येक शिखराला लाल. असा चार्ट पाहून कोणीही भुलेल.

चालू बाजारात वेगळंच घडलं. सकाळी 10:40 च्या कँडलखाली (कँडल म्हणजे चार्टवरची पाच मिनिटांच्या भावांची एक पट्टी) हिरवा बाण आला, भाऊजींनी कॉल, म्हणजे भाव वाढला तर फायदा देणारा ऑप्शन, घेतला आणि भाव घसरत गेला. थोड्या वेळाने पाहतो तर तो बाण तिथे नाहीच! तीन कँडल पुढे, नव्या तळाखाली जाऊन बसलेला. भाच्याने मोबाईलवर स्क्रीनशॉट घेतला होता, म्हणून ही लबाडी पकडता आली; नाहीतर संध्याकाळच्या चार्टवर सिग्नल अगदी बरोबरच दिसत होता.

याला 'रिपेंटिंग' म्हणतात. झिगझॅगसारखा इंडिकेटर (भावांवरून खुणा काढणारं सूत्र) पुढच्या कँडल पाहून मागचा तळ ठरवतो. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज (मागच्या काही भावांची सरासरी) किंवा आरएसआय (चढ-उताराचा जोर मोजणारा आकडा) असे नसतात, कँडल बंद झाली की त्यांचा आकडा बदलत नाही. पण तेही निघतात झालेल्या भावांवरूनच. त्यामुळे क्रॉसओव्हर (सरासरीच्या रेषा एकमेकींना छेदतात तो सिग्नल) उशिरा येतो आणि बाजार आडवा असला, म्हणजे भाव एकाच पट्ट्यात फिरत असला, की खरेदीतही मार, विक्रीतही मार.

पैसे परत मागितले तर विकणारे म्हणे, "काका, तुमची सायकॉलॉजी कमजोर आहे." साठी उलटलेल्या माणसाला हे ऐकवलं, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. त्या सगळ्यांचीच सायकॉलॉजी कमजोर होती का?

डेमो नेहमी चालू बाजारात मागा. बाण आला की लगेच स्क्रीनशॉट घ्या आणि बाजार बंद झाल्यावर ताडून पाहा. सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा 'आयएनएच'ने (INH) सुरू होतो. खात्रीशीर नफ्याचं आश्वासन त्यांनाही देता येत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आम्ही स्क्रीनशॉट आणि पावत्या जोडून सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे.