अकरा महिन्यांच्या वापरानंतर: ओव्हरड्राइव्ह पेडल आणि त्याचा चौथा स्क्रू

गेल्या महिन्यात निपाणीच्या एका लग्नात ऐन सोलोच्या वेळी माझ्या ओव्हरड्राइव्ह पेडलचा (गिटारचा आवाज किंचित फाटका, खरखरीत करणाऱ्या पायाजवळच्या डबीचा) फूटस्विच, म्हणजे पायाने दाबायचे बटण, दबला तो दबलेलाच राहिला, आणि त्यानंतर पंधरा दिवस ग्राहक-सेवा केंद्राशी जी हुज्जत घालावी लागली तिच्यामुळेच हे लिहायला बसलो आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. ट्यूब स्क्रीमर या इबानेझच्या जुन्या, गाजलेल्या पेडलच्या सर्किटवर बेतलेली अशी डझनभर हिरवी पेडले बाजारात आहेत आणि झाकण काढले की ती सख्खी भावंडेच दिसतात. मी साडेतीन हजार मोजले होते. बटणे नेहमीचीच तीन: ड्राइव्हने आवाज किती फाटावा ते ठरते, टोनने त्याची धार आणि लेव्हलने त्याचा मोठेपणा.

आधी स्क्रूविषयी लिहितो, कारण त्याशिवाय माझे मन शांत होणार नाही. या पेडलला बॅटरीसाठी वेगळे झाकण नाही, त्यामुळे बॅटरी बदलायची तर तळाचे चारही स्क्रू काढावे लागतात. चौथ्या स्क्रूवर कंपनीने कागदी सील चिकटवले आहे आणि सील फाटल्यास वॉरंटी रद्द होते. म्हणजे पहिली बॅटरी संपली की वॉरंटीही संपली. शिवाय गिटारची केबल इनपुटमध्ये खुपसलेली राहिली, तर पेडल बंद असले तरी बॅटरी चालूच राहते. बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक पेडलांची रचना अशी असते हे मला माहीत होते, तरी पहिल्याच आठवड्यात केबल काढायला विसरलो आणि तीन दिवसांत बॅटरी मेली. वॉरंटीही त्याच दिवशी गेली, हे मात्र दहा महिन्यांनी कळले. अडॅप्टर वापरावा तर माझ्या स्वस्त अडॅप्टरची घुरघुर मिक्सरमध्ये ऐकू येते. राउटरचा अडॅप्टर लावण्याचा मोह कोणी करू नये, कारण त्याच्या पिनच्या मध्यभागी बहुधा धन टोक असते आणि पेडलला तिथे ऋण टोक लागते.

आता आवाजाकडे येतो. पहिले दोन महिने तो मला मुळीच आवडला नाही. बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरी एकट्याने वाजवताना गिटार सर्दी झाल्यासारखी नाकातून बोलते असे वाटे. याचे कारण सर्किटमध्येच आहे. 1979 च्या सुमारास सुसुमु तामुरा यांनी मूळ स्क्रीमरची रचना केली, तेव्हा क्लिपिंगचे, म्हणजे लाटेची टोके छाटून आवाज फाटका करणारे, डायोड ऑप-अँपच्या (आवाज वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुट परत आत नेणाऱ्या वाटेवर, बसवले आणि 4.7 किलोओहमचा रेझिस्टर व 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची जोडी अशी ठेवली, की सुमारे 720 हर्ट्झच्या खालचे स्वर क्रमाक्रमाने कमी वाढवले जातात. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झच्या आसपास वाजते. ती जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडते आणि फाटतो तो मधला पट्टा. वरची धार टोनचे सर्किट कापते, त्यामुळे मध्यम स्वरांचा उंचवटा तेवढा उरतो.

हा उंचवटा घालवायचा मी निश्चय केला. वॉरंटी शाबूत आहे असे तेव्हा समजत होतो, तरी बॅटरीसाठी पेडल पुन्हापुन्हा उघडावेच लागत असल्याने सोल्डरिंगची भीती मोडली होती. 0.047 च्या जागी 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की ती मर्यादा सुमारे 340 हर्ट्झवर उतरते. दोन-चार रुपयांच्या वस्तूने पेडलला पोट आले, आवाज भरदार झाला, आणि हे कंपनीला का सुचले नाही असे मी मित्रांना ऐकवूही लागलो.

ते बोलणे गणेशोत्सवात खानापूरजवळच्या एका मंडळात मला गिळावे लागले. बेस गिटार, कीबोर्डचा डावा हात आणि ढोलकीचा डग्गा यांच्या गर्दीत माझ्या भरदार आवाजाचा मागमूस उरला नाही; गायकाने दोनदा वळून पाहिले, मी लेव्हल वाढवली आणि गोंधळ तेवढा वाढला. घरी जो आवाज नाकातला वाटत होता तोच गर्दीतून वाट काढतो, हे तेथे समजले. दुसऱ्याच दिवशी जुना कपॅसिटर परत बसवला आणि नवा फेकणे जिवावर आले म्हणून एका छोट्या टॉगल स्विचवर ठेवला. तो मी केवळ घरी वापरतो.

डायोडांचा फेरफार मात्र टिकला. बॉस कंपनीच्या 1981 च्या एसडी-1 पेडलमध्ये असतात तसे एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक असे सिलिकॉन डायोड लावले, आणि तार हळू छेडली तर स्वच्छ, जोरात छेडली तर किंचित खरखरीत असा प्रतिसाद अधिक मोकळा झाला. एलईडीही लावून पाहिले. आवाज मोठा झाला, पण ओव्हरड्राइव्ह उरला नाही. ऑप-अँपच्या चिपसाठी सॉकेट बसवून मूळच्या 4558 च्या जागी टीएल 072 ही दुसरी चिप लावली, तर डोळे मिटून मला फरक ओळखता आला नाही. ज्यांना तो ऐकू येतो त्यांच्या कानांचा मला आदर आहे, त्यांच्या खर्चाचा नाही. आपल्याकडे गिटार बहुधा अँपऐवजी थेट मिक्सरला जोडतात आणि वरची धार बोथट करणारे स्पीकर कॅबिनेट नसल्यामुळे कोणताही ओव्हरड्राइव्ह माशी घोंघावल्यासारखा वाटतो. टोन पार खाली ठेवणे हाच त्यावर उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

राहता राहिला फूटस्विच. केंद्राने फेरफारांबद्दल चकार शब्द काढला नाही. फाटलेल्या सीलचा फोटो मागितला आणि दावा फेटाळला. बॅटरी कशी बदलायची होती, या माझ्या प्रश्नाला तीन वेळा एकच ठरावीक उत्तर आले. अखेर बेंगळूरच्या एसपी रोडवरून नऊ पायांचा स्विच कुरिअरने मागवला आणि शहापुरात मिक्सर-अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या अण्णांकडे गेलो. सीलची हकिकत ऐकून ते म्हणाले, “सील फाडल्याबगर सेल कसा घालायचा ओ? त्यांनाच इचारा की!” स्विच आणि मजुरी मिळून अडीचशे रुपये झाले. त्यांनी झाकण तीनच स्क्रूंवर बसवून दिले. चौथा, फाटक्या सीलसकट, गिटारच्या पिशवीत आहे.