सेप्टिकची लाइन: फरशीखालून सरळ की बाहेरून वळसा?

बांधकाम जोत्यापर्यंत आलं आणि संडासाची जागा बदलली, की संडासापासून सेप्टिक टाकीपर्यंतची लाइन वळवण्याचे दोनच मार्ग उरतात.

फरशीखालून सरळ नेली तर पाइप कमी लागतो, वळणं टळतात. पण पुढे चोक-अप झालं तर फरशी फोडावी लागते, आणि हीच भीती मला सर्वात मोठी वाटते. पाया ओलांडताना पाइपभोवती मोठ्या व्यासाचा स्लीव्ह (बाहेरून घातलेला पाइपचा तुकडा) ठेवायलाच हवा, नाहीतर पाया किंचित खचला तरी जोड निखळतो.

बाहेरून वळसा घातला तर प्रत्येक वळणावर चेंबर बांधता येतो, सफाई सोपी होते. अडचण उताराची. 4 इंची पाइपला दर 4 फुटांना 1 इंच उतार धरला, तर 20 फुटांत पाइप 5 इंच आणि 40 फुटांत 10 इंच खाली जातो. टाकीचं इनलेट (पाइप टाकीत शिरतो ते तोंड) तेवढं खाली आहे का, हे खोदाईआधी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजा. काटकोनी बेंडऐवजी 45 अंशांचे दोन बेंड वापरा.

उतार मिळत असेल तर मी बाहेरूनच नेईन, पाइपचा खर्च वाढला तरी.