शांबोर की शनोंसो?

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यातले राजवाडे पाहायला एकच दिवस हाती असेल तर मी शनोंसो निवडेन. शांबोर भव्य आहे, वादच नाही. १५१९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाने सुरू केलेलं काम, चारशेहून जास्त खोल्या आणि एकमेकांभोवती गुंफलेले दोन जिने: चढणारा उतरणाऱ्याच्या वाटेत येतच नाही. पण राजा तिथे राहिला मोजके आठवडे. दालनं ओकीबोकीच वाटतात.

शनोंसो मात्र थेट शेर नदीवर उभा. फ्रान्स्वाचा मुलगा दुसरा आंरी राजा असताना त्याची लाडकी प्रेयसी दियान हिने पूल बांधला; आंरी वारल्यावर त्याची राणी कातरिनने तिला बाहेर काढून त्याच पुलावर ६० मीटर लांब दालन चढवलं. सवतीमत्सर इतका देखणा! पहिल्या महायुद्धात तिथेच जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. शिवाय रेल्वे स्टेशन दाराशी. शांबोरला स्टेशनच नाही.