कळंब्याकडचे ज्येष्ठ निवास : सांगितलेला दर आणि हाती आलेले बिल

कोल्हापुरात कळंबा रस्त्यालगत एका धर्मादाय संस्थेने चालवलेल्या ज्येष्ठ नागरिक निवासात आमचे वडील गेल्या पावसाळ्यापासून राहत आहेत. जागा नदीपासून लांब आणि चढावर असल्याने, २०१९ व २०२१ चा महापूर पाहिलेल्या आमच्या घराला तेवढ्यानेच निम्मा दिलासा मिळाला.

प्रश्न आहे तो खर्चाचा. दोघांच्या खोलीसाठी दरमहा १८,००० रुपये असे आम्हाला सांगण्यात आले. मात्र हा दर स्वतःचे स्वतः उरकणाऱ्या व्यक्तीसाठी असून, अंघोळीला व शौचाला माणूस लागत असेल तर त्याचे वेगळे शुल्क, शिवाय डायपर, औषधे आणि फिजिओथेरपी निराळी, हे पहिले बिल हाती आल्यावरच समजले. पक्षाघातातून उठलेल्या माणसाची माहिती अर्जात असताना पूर्ण आकडा आधीच सांगणे अवघड नव्हते. धर्मादाय म्हणून आयकर खात्याकडे नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढील व्यक्तीचे राहणे, जेवण व देखभाल मिळून शुल्क महिना २५,००० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही. म्हणून पावती नीट वाचावी. सत्तरीपुढील सर्वांना मिळणारे आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, निवासाच्या मासिक शुल्कासाठी नाही, हेही येथे चौकशीला येणाऱ्या अनेकांना सांगावे लागते.

सेवेबद्दल मात्र चांगलेच लिहावे लागेल. वडिलांचा उजवा हात अधू आणि बेलचे बटण पलंगाच्या उजवीकडे, हे रात्रपाळीच्या मामांच्या लक्षात आले आणि त्यांनी कुणी न सांगता वायर वाढवून बटण डाव्या कठड्याला बांधून दिले. शौचालयाचे दार बाहेर उघडते, त्यामुळे आत कोणी पडले तरी दार अडत नाही. जेवण शाकाहारी व मऊ असते. रविवारी घरून पांढरा रस्सा नेता येतो, डब्यावर नाव व तारीख लिहून. (कोल्हापुरात एवढी सवलत नसती तर वडील तेथे टिकलेच नसते.)

करारातील एका कलमावर आम्ही अडून बसलो. रहिवासी रुग्णालयात असताना खोलीचे शुल्क पूर्ण आकारण्याची त्यात तरतूद होती. आठ दिवसांपुढील काळासाठी ते निम्मे करून व्यवस्थापकांनी तसे लिहून दिले, आणि अनामत किती दिवसांत परत मिळेल तेही त्याच कागदावर घातले.