इतवारीतील घड्याळदुरुस्ती आणि तबकडीवरचे लॅटिन

लंबकाच्या जुन्या घड्याळांची दुरुस्ती करणारी दुकाने नागपुरात आता शोधावी लागतात; त्यांपैकी इतवारीतील एका लहान दुकानाच्या कामाबद्दल हा अभिप्राय आहे. उंच लाकडी पेटीचे आमचे घड्याळ मे महिन्यात मागे पडू लागले, तेव्हा तेथील कारागिराने यंत्र न उघडताच कारण सांगितले. लंबकाची पोलादी दांडी उष्णतेने लांबते आणि झोका मंदावतो. डिसेंबरातील थंडी आणि मेमधील उन्हाळा यांत 30 अंशांचा फरक धरला, तर घड्याळ दिवसाला सुमारे 15 सेकंद मागे पडते. लंबकाखालचा नट किंचित वर फिरवून त्यांनी ते जुळवले, चाके साफ करून तेल घातले आणि टोल्यांचा बिघडलेला क्रमही सुधारला. बदललेली स्प्रिंग परत मिळाली नाही आणि पावतीवर सुट्या भागांचा तपशील नव्हता, ही उणीव मात्र नोंदवली पाहिजे.

पितळी तबकडी पुसतानाही ‘टेम्पस फुगिट’ ही अक्षरे त्यांनी जपली. दुकानात त्याचा अर्थ ‘काळ उडतो’ असा सांगतात, तो पूर्णपणे पटत नाही. लॅटिनमध्ये उडण्यासाठी ‘वोलारे’ हे वेगळे क्रियापद आहे. ‘फुगेरे’ म्हणजे पळून जाणे, हातून निसटणे, आणि इंग्रजीतील ‘फ्युजिटिव्ह’ म्हणजे फरारी हा शब्द त्याच धातूचा. ‘टेम्पस’ म्हणजे काळ. ‘टेम्पररी’ त्यातूनच आला. आपल्याकडे 24 सेकंदांच्या कालमापाला ‘पळ’ म्हणतात आणि ‘पळणे’ही आहेच, मुळे वेगळी असली तरी हा योगायोग लॅटिन अर्थाच्या फार जवळ जातो.

मूळ ओळ रोमन कवी व्हर्जिलची, इसवी सनपूर्व 29 च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘जॉर्जिक्स’ या शेतीविषयक काव्याच्या तिसऱ्या भागातली. तेथे काळाला ‘इर्रेपाराबिले’, म्हणजे पुन्हा मिळवता न येणारा, असे विशेषण आहे. इंग्रजीतील ‘रिपेअर’ याच कुळातला असल्याने घड्याळवाल्यांनी तबकडीवरून नेमके तेच गाळले, हे सोयीचेच म्हणायचे.

घड्याळ तेथे नेताना लंबक काढून वेगळा गुंडाळावा, नाहीतर तो टांगलेली पातळ पट्टी वाकते आणि खर्च वाढतो.