सराफ्यातला शनिवार आणि आमचं रोजचं ताट

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे सोन्याचांदीच्या दुकानांसमोर रात्री भरणाऱ्या खाऊबाजारात, पहिला दोना भुट्ट्याच्या (मक्याच्या कणसाच्या) किसाचा घ्यावा, आणि तो भूक कडकडून लागलेली असताना घ्यावा. पुण्या-मुंबईहून येणारे आमचे पाहुणे आधी दहीवड्याकडे, नाहीतर पाव किलोच्या आसपास भरणाऱ्या त्या भल्यामोठ्या जलेब्याकडे वळतात. किसापर्यंत पोहोचेस्तोवर पोट भरलेलं असतं आणि मग दोन चमचे चाखून ते म्हणतात, 'छान आहे हं.' मला त्याचं फार वाईट वाटतं. माझ्या मते त्या सगळ्या गल्लीत सर्वांत निगुतीनं शिजवलेला पदार्थ तोच आहे.

कोवळी कणसं किसणीवर किसायची, तुपात मोहरी, हिंग आणि हिरवी मिरची घालून तो कीस मंद आचेवर परतत राहायचं, कच्चा वास गेला की थोडं थोडं दूध घालून मुरवायचं. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू आणि जिरावन हा इंदूरचा आंबट-तिखट कोरडा मसाला. घाई केली की पदार्थ फसतो, दाणा पचपचीत राहतो. मी ज्या गाड्यावर जाते तिथले काका कढईसमोरून हलत नाहीत. उलथनं कढईच्या तळापर्यंत नेऊन कीस वर काढत राहतात, त्यामुळे तळाला लागलेला खरपूसपणा सगळ्या किसात मिसळतो. सासूबाईंना पाहिलं की विचारतात, "माताजी, मिर्ची कम रखूँ?" आणि खरोखरच कमी घालतात. तूप मात्र सढळ असतं, घरच्यापेक्षा दुप्पट तरी. म्हणून आम्ही दोघांत एक दोना घेतो.

काही गाड्यांवर हल्ली अमेरिकन मक्याचा कीस मिळतो. तो पिवळाधमक दिसतो, पण मिट्ट गोड लागतो आणि पाणी सोडतो. देशी भुट्टा फिकट असतो, त्याला पिठूळ गोडवा असतो, दूध तो शोषून घेतो. पावसाळ्यात मालव्यातला देशी भुट्टा बाजारात आला की कीस खाण्याचे खरे दिवस सुरू होतात. घेण्याआधी विचारायला काही हरकत नाही, गाडीवाले सांगतात.

शनिवारचं हे खाणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण बाकीचे दिवस आमच्या घरी बेताचं जेवण असतं. यांना मधुमेह आहे, सासूबाईंना रक्तदाबामुळे मीठ कमी चालतं, आणि मुलगी कॉलेजच्या वयाची, तिला सगळंच हवं असतं. लोकमान्य नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात सोमवारी मोडाची मटकी, मंगळवारी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, बुधवारी मूगडाळीचं धिरडं किंवा थालीपीठ असा क्रम ठरलेला आहे. सोबत रोज ताक आणि कोशिंबीर. शनिवारी बाहेर जायचं हे पक्कं असलं की गुरुवारच्या दुधी भोपळ्याला कुणी नाक मुरडत नाही. बाहेरच्या खाण्याला दिवस नेमून दिल्यापासून घरचं आणि बाहेरचं दोन्ही आम्ही मनापासून खातो.

आता बाजाराविषयी. दिवसा सराफा म्हणजे सोन्याचांदीची पेठ. राजवाड्याच्या मागे चालत पाच मिनिटांवर. संध्याकाळ उलटली की दागिन्यांची दुकानं एकेक करून बंद होतात आणि त्यांच्याच ओटल्यांसमोर खाण्याचे गाडे लागतात. नऊनंतर गल्ली भरते आणि मध्यरात्र उलटून गेली तरी हलत नाही. आम्ही साडेआठ-नऊलाच पोहोचतो. तेव्हा काही गाडे मांडामांड करत असतात, पण तेल ताजं असतं, धक्काबुक्की नसते आणि सासूबाईंना एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर बसता येतं. रात्री अकरानंतर ज्येष्ठांना घेऊन तिथे जाऊ नये असं मी स्पष्टच सांगेन. गर्दीत उभं राहायलासुद्धा जागा नसते.

तेलाचं मी मुद्दाम बोलले. आपल्या देशात 2018 पासून नियम आहे की तळणीच्या तेलातले एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून खराब झालं की त्यात वाढणारे घटक, 25 टक्क्यांवर गेले की ते तेल पुन्हा वापरायचं नाही. आपल्याजवळ ते मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे आणि नाक असतात. तेल काळपट आणि दाट झालंय, पदार्थ सोडल्यावर फेस मरतच नाही, कढई जरा तापली की धूर यायला लागतो, असं दिसलं तर मी पुढे चालू लागते. एका गाड्यावर असं तेल पाहून आम्ही मागवलेलं तसंच सोडून आलो होतो. मुलगी हिरमुसली, पण मी ऐकलं नाही. तळलेलं खायचं तर कढईजवळ उभं राहून, आपल्यासमोर घाणा निघताना पाहून खायचं.

याच कारणासाठी विजय चाटचं खोपरा पॅटिस मला चालतं. मागणी एवढी की घाणा पडून राहत नाही, गरम गरमच हाती येतं. बाहेर बटाट्याचं पातळ आवरण, आत खोबऱ्याचं हलकं गोडसर सारण, वर हिरवी आणि चिंचेची चटणी. एक पॅटिस एका माणसाला भरपूर होतं. यांच्यासाठी त्यात बटाटा आहे, म्हणून ते माझ्यातलं अर्धं खातात आणि तेवढ्यावर थांबतात.

जोशींचा दहीवडा पाहायलाही जावं आणि खायलाही. दह्याचा दोना हवेत उडवून झेलण्याची तिथली रीत सगळ्या देशात पोहोचली आहे, आणि एकाच चिमटीत निरनिराळे मसाले धरून एकेक वेगळा भुरभुरवण्याचीही. ते पाहून मुलं टाळ्या वाजवतात. मला मात्र दही आवडतं. घट्ट, घोटलेलं, गोडसर आणि थंडगार. वडा मुळात डाळीचा, तळून पाण्यात मुरवलेला, सोबत एवढं दही. तळलेल्या पदार्थांत सासूबाईंना सर्वांत सोसतो तो हाच. वरचं मीठ-मसाला कमी घाला म्हणून सांगावं लागतं.

गोडाचं थोडक्यात सांगते. जलेबा चार जणांत एक, तोही मुलीच्या आग्रहाखातर. मावाबाटी आणि मालपुवा मी सणासाठी ठेवते. शिकंजी इथली दुधाची असते, केशर-जायफळाची, दाट. एक पेला प्यायलात तर त्यानंतर दुसरं काही खाता येत नाही, म्हणून ती एक घेऊन चौघांनी चाखावी. मधुमेह असलेल्या माणसाला या गल्लीत गोडाच्या बाजूला नेऊच नये, कारण तिथे सुवास फार येतात. आम्ही येताना किसाच्या बाजूनं शिरतो आणि त्याच बाजूनं बाहेर पडतो.

साबुदाण्याच्या खिचडीकडे मात्र थांबा. आपल्या घरची खिचडी तुपा-जिऱ्यावर परतलेली असते. इंदूरची निराळी. भिजवलेला साबुदाणा उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की तेवढाच काढून त्यात दाण्याचा कूट, फराळी मिक्स्चर, मसाला, कोथिंबीर, लिंबू घालून समोर कालवून देतात. दाणा न् दाणा सुटा, तूप जवळजवळ नाही. ही पद्धत मी घरी उचलली. तरीही साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वाफवल्यानं ते बदलत नाही. यांना मी लहान वाटीभरच देते आणि कूट जास्त घालते, कारण दाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि पोट लवकर भरतं.

तसंच पोह्यांचं. रविवारी सकाळी पोहे-जिलबी हा इंदूरचा रिवाज आहे आणि राजवाड्याच्या आसपास उसळ-पोहेही मिळतात. पोह्यांवर मटकीची तर्रीदार उसळ, कांदा, शेव. नुसत्या पोह्यांपेक्षा मी त्यालाच जास्त गुण देईन, मोडाच्या मटकीमुळे दुपारपर्यंत भूक लागत नाही. या शहराचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, म्हणून तास-दीड तास मऊ राहतात. घरी मी असं करते: जाड पोहे धुऊन निथळून त्यांना मीठ, हळद, चिमूटभर साखर चोळायची. एक चमचा तेलात मोहरी, बडीशेप आणि मिरचीची फोडणी करून ती त्यात कालवायची. मग चाळणीत घालून, उकळत्या पाण्यावर झाकून आठ-दहा मिनिटं. चौघांच्या फोडणीच्या पोह्यांना मी पूर्वी तीन-चार मोठे चमचे तेल घालत असे, आता एकात भागतं. वर डाळिंबाचे दाणे, कच्चा कांदा, आणि लिंबू नक्की पिळायचं. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला मदत होते.

आणि जिरावन. त्याच्यावाचून इंदूरचं काहीच पुरं होत नाही. बाजारच्या पुडीत काळं मीठ चांगलंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण सपाट चमचाभर मीठ सांगितलं आहे. पोह्यांत मीठ, शेवेत मीठ आणि वर जिरावनात मीठ, मग सकाळीच निम्मा चमचा संपतो. म्हणून जिरावन मी घरी बिनमिठाचं करते. जिरे, धणे, बडीशेप, तमालपत्र, दालचिनी, लवंग मंद भाजायचे, गार झाले की वाटायचे, त्यात आमचूर, सुंठ, हिंग, हळद, लाल तिखट आणि किसलेलं जायफळ मिसळायचं. आमचूर जरा हात सैल सोडून घालावं, आंबटपणामुळे मीठ कमी असल्याचं जाणवत नाही. सासूबाई आता काकडीवर, ताकात, उकडलेल्या रताळ्यावर, सगळीकडे हेच भुरभुरवतात.

कीसही घरी होतो. मध्यम आकाराची चार कोवळी कणसं, दोन चमचे तूप, अर्धी वाटी दूध. परतायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि हात थांबवता येत नाही. चव सराफ्याच्या नव्वद टक्के जवळ जाते. राहिलेले दहा टक्के त्या मोठ्या कढईचे आणि ते मी कबूल करते.

मुलीला छप्पन दुकान ही इंदूरचीच दुसरी खाऊगल्ली जास्त आवडते. 2019 मध्ये त्या गल्लीला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं स्वच्छ खाद्यकेंद्राचं प्रमाणपत्र मिळालं, नंतर तिचं नूतनीकरण झालं. आता वाहनं आत येत नाहीत, बसायला जागा आहे, संध्याकाळी लवकर जाता येतं. गुडघे दुखत असतील त्यांनी तिकडेच जावं. खाण्यासाठी मी सराफा निवडेन.

स्वच्छतेबद्दल इंदूरचा अभिमान सगळ्यांना माहीत आहे, पण सराफ्यात तो हाताशी दिसतो. प्रत्येक गाड्यापाशी कचऱ्याचे डबे असतात आणि कुणी दोना खाली टाकला तर शेजारचं अनोळखी माणूसही टोकतं. शहराचा ओला कचरा देवगुराडियाच्या कचरा प्रक्रिया केंद्रात जातो. 2022 मध्ये तिथे रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करण्याचा प्रकल्प सुरू झाला. कणसाची सालं आणि उष्टं डब्यात टाकताना मी मुलीला हे मुद्दाम सांगितलं होतं. आता तीच आपल्या मैत्रिणींना सांगते.

उणिवाही सांगते. हात धुवायची सोय अपुरी आहे, पाण्याची बाटली आणि रुमाल घरून न्यावा. पिण्याचं पाणीही आपलंच न्यावं. दुचाकी गर्दीत घुसतात तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नये. स्वच्छतागृह शोधत लांब जावं लागतं, बायकांना याचा फार त्रास होतो आणि इतक्या नावाजलेल्या बाजारात ही सोय नीट व्हायलाच हवी. गाडी दूर लावून चालतच आत या. ते चालणं जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन्ही वेळा कामाला येतं.

गराडूसाठी थंडी पडू द्या. तो कंद हिवाळ्यातच चांगला मिळतो, आधी तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की तुकडे पुन्हा कडक तळून वर लिंबू-जिरावन घालतात. दोनदा तळलेला पदार्थ म्हणून आमच्याकडे थंडीच्या मोसमात तो मोजकाच खाल्ला जातो, आणि त्या रात्री घरी रात्रीचं जेवण करत नाही, नुसता एक पेला ताक.