खळीची घोंगडी, आठ महिन्यांनंतर: १८१७ च्या वेशासाठी काय टिकलं, काय नाही

लढाईच्या देखाव्यासाठी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतल्या शिपायाचा वेश करायचा म्हटला की पागोटं कसं बांधायचं, बाराबंदीला बंद किती, ढाल कासवाची की गेंड्याची, यावर महिनाभर खल होतो. खांद्यावरची घोंगडी मात्र आदल्या आठवड्यात मिळेल ती येते. नागपूरची सीताबर्डीची लढाई, भोसले आणि इंग्रज यांच्यातली, २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. मधली रात्र उघड्यावर गेली. त्यामुळे पांघरूण ही इथे शोभेची वस्तू नाही. (अरब तुकडीचा वेश हा वेगळा विषय, तो इथे घेतलेला नाही.)

हा अनुभव जुलै ते फेब्रुवारी वापरलेल्या हातमागाच्या काळ्या घोंगडीचा आहे. माप साडेचार बाय साडेआठ फूट, वजन २ किलो ४०० ग्रॅम, लोकर दख्खनी मेंढीची, चिंचोक्याची खळ, म्हणजे ताठपणा आणणारी चिकट पेज, दिलेली. तुलनेला दोन पांघरुणं होती: एक गिरणीचं करडं ब्लँकेट आणि एक ‘हातमागाची’ म्हणून घेतलेली मऊसूत घोंगडी. ही दुसरी निम्मी अ‍ॅक्रिलिक निघाली.

ती घेताना फसगत होते ती मऊपणामुळे. दख्खनी लोकर जाडीभरडी, केसाळ असते आणि ती टोचणारच. न टोचणारी खरी घोंगडी एकच, जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची. ती कमी बनते आणि महाग असते. साध्या शिपायाच्या खांद्यावर ती दाखवणं तसंही पटत नाही. म्हणून दुकानात गालाला लावून पाहण्याऐवजी सुटे धागे मागावेत.

दशांमधून, म्हणजे टोकाला सोडलेल्या सुट्या धाग्यांमधून, एक उभा आणि कडेने एक आडवा धागा काढायचा. दोन्ही लागतात, कारण आडवा लोकरीचा आणि ताणा (उभा धागा) मात्र अ‍ॅक्रिलिक किंवा सुती, ही भेसळ सर्रास होते. चिमट्यात धरून पेटवल्यावर लोकर कुरकुरत जळते, ज्योत काढली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि मागे कडक मणी राहतो. कापसाला जळक्या कागदाचा वास येतो. लोकर आणि अ‍ॅक्रिलिक मिसळून कातलेल्या धाग्यात मात्र ही चाचणी चकवते. तिथे घरातलं ताजं ब्लीच कामाला येतं. काचेच्या वाटीत धाग्याचे तुकडे बुडवून तासभर ठेवले की लोकर फेसाळत विरघळून जाते आणि उरेल ती भेसळ. हे उघड्या हवेत करावं. त्यात व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं अ‍ॅसिड चुकूनही पडू देऊ नये, विषारी वायू होतो.

भेसळीचा प्रश्न फक्त इतिहासाचा नाही. मशालीची ठिणगी पडली तर लोकरीला मिरीएवढं भोक पडतं आणि ती विझते. अ‍ॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं.

आता वीण. घोंगडी साध्या विणीची असते, एक वर एक खाली, आणि पृष्ठभागावर धागा दिसतो. गिरणीच्या ब्लँकेटला बहुधा तिरपी वीण असते आणि वर लव उचललेली असते. कानपूरची लोकरीची गिरणी १८७६ ची, म्हणजे ते करडं ब्लँकेट १८१७ च्या शिपायाला साठ वर्षं आधीच मिळालं म्हणायचं! पानिपतकडचं, जुन्या स्वेटरांच्या चिंध्यांपासून पुन्हा कातलेल्या लोकरीचं ब्लँकेटही बाद. ती युक्तीच १८१३ च्या सुमारास इंग्लंडात यॉर्कशरमध्ये निघाली. मशीनने ओव्हरलॉक केलेली कड दिसली की पुढे पाहण्याची गरज नाही.

रंगात फार अडकू नये, पण एक गोष्ट पाहावी. काळ्या मेंढीची लोकर सगळीकडे सारखी काळी नसते. उन्हाने टोकं तांबूस होतात आणि मधूनच पांढरा केस निघतो. एकसारखा कोळशासारखा काळा दिसला तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासावं. रंग उतरला तर तो डाय आहे. कृत्रिम रंग १८५६ नंतरचे. काठावरची भडक लाल-हिरवी पट्टी बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते. या घोंगडीलाही होती, ती उसवून टाकावी लागली. पांढऱ्या लोकरीचा साधा पट्टा चालतो.

आता खळ, कारण निकाल तिथेच लागतो. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही चिकी ताण्याला कुंच्याने लावतात. तिच्यामुळे घोंगडी पाटीसारखी ताठ राहते आणि पाऊस वरून ओघळतो. जुलैत खोळ करून डोक्यावर घेतल्यावर रिमझिमीत अर्धा तास आतलं पागोटं कोरडं राहिलं. मुसळधार पावसात पंधरा मिनिटांत पाणी आत आलं, आधी घडीच्या रेषेवरून, कारण तिथली खळ मोडलेली असते. म्हणून घडी न घालता गुंडाळी करावी.

पूर्ण भिजल्यावर वजन चार किलोच्या वर गेलं आणि ऑगस्टमध्ये छपराखाली वाळायला तीन दिवस लागले. ‘भिजत घोंगडं’ हा शब्द का पडला, ते तेव्हा कळतं. पिळू नये, आकार जातो. बांबूवर आडवी टाकावी आणि दर काही तासांनी बाजू बदलावी.

नवीन घोंगडीला येणारा आंबूस वास खळीचा असतो. तो जावा म्हणून बहुतेक जण पहिल्याच दिवशी ती वॉशिंग मशीनमध्ये टाकतात आणि तिथेच घोंगडी संपते. गरम पाणी आणि घुसळणीने लोकर आटून थापल्यासारखी होते, खळ निघून जाते आणि हातात लोळागोळा उरतो. दोन दिवस वाऱ्यावर टाकली की वास पुष्कळ उतरतो. डाग पडला तर थंड पाण्याने तेवढीच जागा पुसावी.

खळीचा दोषही आहे. नागपूरच्या दमट पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते आणि उंदरांनाही ती आवडते. सप्टेंबरात कोपऱ्यावर पांढरी पावडर दिसली. ती कोरड्या ब्रशने झटकून ऊन दिल्यावर गेली. खळ विरळ झाली की १०० ग्रॅम चिंचोका पीठ अडीच लिटर पाण्यात गुठळ्या मोडत अर्धा तास शिजवावं, गाळावं आणि कोमट असताना फक्त ताण्याच्या दिशेने कुंच्याने पातळ हात द्यावा. ताणून वाळवावं. जाड थर दिला तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात. बुरशी नको म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) घालण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकू नये, ही अंगावर घ्यायची वस्तू आहे.

थंडीत दहा अंशांच्या रात्री एकच घोंगडी अंथरून तीच पांघरली तर पाठ गार पडते. खाली गवत किंवा तरट हवंच. आत सुती पासोडी (जाड दुहेरी चादर) घेतली की टोचणंही थांबतं आणि ऊबही पुरते.

उन्हाळ्यात ठेवताना कसरीची, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीची, भीती. कडुनिंबाच्या पाल्याने अळी मरत नाही. मे महिन्यात गच्चीवर दोन दुपारी, दोन्ही बाजूंनी, कडक ऊन द्यावं. काळी लोकर इतकी तापते की हात ठेववत नाही. मग झटकून, गुंडाळून, सुती चादरीत बांधून उंचावर ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आत दमट राहते आणि पुन्हा बुरशी धरते.